घरचे केक, पॅनकेक, नानकटाईचे कोरडे मिक्स : करणं, भरणं, टिकवणं

सांजवात :
पाऊस ओसरलाय, हवा कोरडी व्हायला लागलीये, म्हणजे थंडीभर पुरतील असे बेकिंगचे कोरडे मिक्स करून ठेवायला ही वेळ एकदम योग्य. पाककृतींच्या बऱ्याच धाग्यांवर तेच तेच प्रश्न येतात, की विकतच्या केक मिक्ससारखं घरी करून ठेवता येतं का, किती टिकतं, गाठी का होतात, आणि एकाच डब्यातल्या मिक्सचा एक केक छान फुलतो आणि पुढचा बसतो असं का. म्हणून एका जागी लिहितेय, तुम्हीही भर घाला.

आधी मुद्द्याचं सांगते. मिक्स मोठ्या डब्यात एकत्र करून ठेवू नका. दहा केकचं करायचं असेल तर दहा पुड्या करा, एक पुडी म्हणजे एक केक, आणि प्रत्येक पुडी वेगळी वजन करून भरा. मोठ्या डब्यात काय होतं की मैदा, साखर, दूध पावडर, सोडा ह्या सगळ्यांचे कण सारख्या आकाराचे नसतात, डबा काढताठेवताना हलत राहतो आणि बारीक कण मोठ्या कणांच्या फटींतून खाली सरकत जातात. म्हणजे वरचे दोन कप काढले त्यात सोडा कमी आणि तळातल्या दोन कपांत जास्त. कमी पडला की केक दडस, जास्त पडला की रंग गडद होतो आणि चव साबणासारखी लागते. मग आपण ओव्हनला दोष देतो. शिवाय दर वेळी झाकण उघडलं की दमट हवा आत जाते. बेकिंग पावडर म्हणजे सोडा आणि कोरडं आम्ल, ओल लागेपर्यंत दोघं गप्प असतात, म्हणूनच त्यात कॉर्नफ्लोर घालतात, ते थोडीफार ओल स्वतः शोषतं. ती ओल डब्यातच मिळायला लागली तर केक फुलवणारा गॅस डब्यातच निघून जातो.

आता प्रमाण. हे बिनअंड्याच्या साध्या व्हॅनिला केकचं, सात इंची टिनसाठी एक पुडी : मैदा १८० ग्रॅम, कॉर्नफ्लोर २० ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम, दूध पावडर २५ ग्रॅम, बेकिंग पावडर दीड टीस्पून, खायचा सोडा अर्धा टीस्पून, मीठ पाव टीस्पून. सगळं मिळून साधारण ३८५ ग्रॅम भरतं. चमचे सपाट भरायचे, सुरीच्या पाठीने वरचं सारून टाकायचं. मैदा-साखर वजनाने आणि सोडा-पावडर चमच्याने, कारण घरचा काटा एकेक ग्रॅम दाखवतो, दोन-अडीच ग्रॅमचं वजन त्यावर धड कळत नाही.

भरायची पद्धत एकदम सोपी आहे. काट्यावर पिशवी किंवा बरणी ठेवा, काटा शून्य करा, एकेक जिन्नस त्यातच घालत जा. आधी एकत्र कालवायची गरजच नाही कारण ती पुडी अख्खी एकदम वापरायची आहे, आतले कण खालीवर झाले तरी बिघडत नाही. केक करायच्या दिवशी दोनदा चाळून घ्यायचं की झालं. मग २०० ग्रॅम दही (जरा आंबट), ८० मिली तेल, १०० मिली दूध, एक टीस्पून व्हॅनिला इसेन्स, हे फेटून त्यात कोरडं मिसळायचं, फार घोटायचं नाही, आणि १८० डिग्रीवर ३५ ते ४० मिनिटं.

दही घट्ट की पातळ त्यावर दूध चमचा-दोन चमचे इकडेतिकडे होईल. आणि प्रत्येक पुडीवर मास्किंग टेप लावून तीन गोष्टी लिहा : कशाचं मिक्स, कधी भरलं, ओलं काय काय घालायचं. ही तिसरी ओळ लिहिलेली असली की घरातलं कोणीही केक करू शकतं, शाळेतून आलेली मुलंसुद्धा (ओव्हन मोठ्यांनी लावायचा).

कोकणकडा :
छान लिहिलंय ताई. पण आम्ही किनाऱ्यावरचे, आमच्याकडे थंडीतसुद्धा हवा कोरडी कुठे असते, आणि जून ते सप्टेंबर तर मीठ पाझरतं, दूध पावडरीचा पुडा फोडला की आठ दिवसांत दगड. डब्यात तांदूळ टाकून ठेवायचे का? ती बुटांच्या खोक्यात येते ती जेलची पुडी चालेल का? आणि मुख्य म्हणजे टोके, पोरकिडे. तमालपत्र ठेवून पाहिलं, काही फरक पडत नाही.

सांजवात :
@कोकणकडा, तुमच्याकडे भरणं ऑक्टोबर ते फेब्रुवारीतच करा आणि पावसाळ्यासाठी वेगळा हिशोब ठेवा. दूध पावडर आणि पिठीसाखर ह्या दोनच गोष्टी सगळ्यात आधी सादळतात, तर पावसाळ्याच्या पुड्यांत त्या घालूच नका. मैदा, कॉर्नफ्लोर, बेकिंग पावडर, सोडा, मीठ एवढीच पुडी भरा, साखर ऐनवेळी मिक्सरमधून काढा आणि १०० मिली दुधाच्या जागी तेवढंच जास्त साईचं दूध घाला. चव थोडी कमी दुधाळ येईल, केक उत्तम होतो.

तांदूळ नकोत, ते फार काही ओल शोषत नाहीत आणि पिठात मिसळले तर निवडत बसावं लागेल. सिलिका जेल चालेल पण खाद्यपदार्थांसाठी म्हणून मिळतं ते आणा, बुटांच्या खोक्यातलं नको, आणि ते मिक्समध्ये नाही घालायचं, बंद पुड्या ज्या मोठ्या डब्यात ठेवल्यात त्या डब्यात बाहेर ठेवायचं.

किड्यांचं असं आहे की अंडी बहुतेक वेळा मैदा-रव्याबरोबरच घरात येतात, दिसत नाहीत, उबेला ठेवलं की महिन्याभरात चालायला लागतात. तमालपत्र, लवंग, कडुलिंब ह्यांच्या वासाने अंडी मरत नाहीत, उलट तो वास केकला लागतो. खात्रीचा उपाय फ्रीझर. मैदा, कणीक, रवा आणला की पिशवीत घट्ट बंद करून फ्रीझरमध्ये उणे १८ डिग्रीला चार दिवस ठेवायचा, अंडी-अळ्या-किडे सगळं मरतं. पण बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही! पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, अर्धा दिवस लागला तरी चालेल, नाहीतर गार पिठावर हवेतलं पाणी धरतं आणि जे टाळायला गेलो तेच होतं. आणि हे चार दिवस पीठ मिक्स करायच्या आधी काढा, बेकिंग पावडर घातल्यावर नाही.

अजून एक, धान्याला पारद गोळ्या किंवा बोरिक पावडर लावायची सवय असते काही घरांत, ती पिठाला चुकूनही लावायची नाही. धान्य निवडून धुऊन घेता येतं, पीठ धुता येत नाही.

गव्हाळ :
पुडीचा मुद्दा केकला पटला पण पॅनकेकला नाही पटला. आमच्या घरी दोन वाढती मुलं, रोज सकाळी कोणी एकच खातंय, कोणी चार, सुट्टीला भाचरं आली की आठ माणसं. तिथे पुडी फोडायची तर दोन माणसांची की सहाची? मी दीड-दोन किलोचं एकदम करते, स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते, तीन आठवड्यांच्या वर ते राहतच नाही. साखर नेहमी पिठी, म्हणजे कण पिठाच्या जवळपास येतो आणि खालीवर कमी होतं, आणि दर वेळी घ्यायच्या आधी डब्यात लांब चमचा तळापासून फिरवून घेते. नाचणीचं प्रमाण देते कारण मैद्यापेक्षा मुलांना हे द्यायला मला बरं वाटतं : नाचणीचं पीठ १०० ग्रॅम, कणीक १०० ग्रॅम, दूध पावडर ३० ग्रॅम, पिठीसाखर २५ ग्रॅम, बेकिंग पावडर २ टीस्पून, मीठ अर्धा टीस्पून. ह्याला एक अंडं, साधारण २५० मिली दूध, दोन टेबलस्पून वितळलेलं लोणी. नाचणी पाणी हळूहळू पिते म्हणून कालवून दहा मिनिटं ठेवायचं, मग घट्ट वाटलं तर दूध वाढवायचं. मंद आचेवर झाकण ठेवून केले की जाळी छान पडते.

सांजवात :
@गव्हाळ, तीन आठवड्यांत संपत असेल तर डबा चालेल, तिथे मी वाद घालणार नाही, पिठीसाखर आणि तळापासून फिरवणं ह्या दोन्ही गोष्टी बरोबर आहेत. माझा विरोध महिनोन् महिने उघडझाक करत राहणाऱ्या डब्याला आहे. फक्त कणीक गिरणीतून आणलेली असेल तर एक पथ्य : दळण गरम येतं, ते तसंच मिक्समध्ये घातलं किंवा डबा बंद केला तर आतल्या वाफेचं पाणी होतं. परातीत पसरून पूर्ण गार झाल्याशिवाय बेकिंग पावडरच्या जवळ न्यायचं नाही.

खलबत्ता :
माझं शिक्षण फार्मसीचं त्यामुळे हा धागा वाचून राहवलं नाही. गव्हाळ म्हणतात तसं एकदम मोठं करायचंच असेल तर पावडरी मिसळायची आमची एक पद्धत आहे ती स्वयंपाकघरात तशीच्या तशी चालते. दोन किलो पिठावर तीन-चार चमचे सोडा टाकून चमच्याने ढवळलं तर तो सगळीकडे सारखा जात नाही, कितीही वेळ ढवळा. उलटीकडून सुरुवात करायची. सोडा, बेकिंग पावडर, मीठ हे सगळ्यात कमी असलेले जिन्नस एका वाटीत घ्या, त्यात तेवढंच पीठ घाला, नीट मिसळा. आता जेवढं झालं तेवढंच पीठ परत घाला, मिसळा. असं दर वेळी दुप्पट करत जायचं सगळं पीठ संपेपर्यंत. आठ-नऊ वेळा दुप्पट केलं की अडीचशे-पाचशे पट होतं, म्हणजे फार वेळ लागत नाही. गोळ्यांमधे औषध मिलिग्रॅममधे असतं आणि बाकी सगळी भरताड, तरी प्रत्येक गोळीत सारखं यावं लागतं, त्याचं पहिलं तत्त्व हेच.

आणि पुडीच्या बाजूने एक ऐतिहासिक मत नोंदवतो. जर्मनीत बेकिंग पावडर घरोघर नेली ती बीलेफेल्ड गावच्या आउगुस्ट ओएट्कर ह्यांनी, १८९० च्या दशकात, आणि ते मूळचे औषधविक्रेते. पावडर आधीपासून माहीत होती, त्यांनी काय केलं तर बरोबर ५०० ग्रॅम पिठाला पुरेल एवढी मोजून छोट्या पुडीत भरून विकली. औषधाची पुडी बांधायची सवय असलेल्या माणसालाच हे सुचणार.

इसारनदी :
खलबत्ता, अगदी! इथे म्युनिकला आजही तसंच मिळतं, १५-१६ ग्रॅमची पुडी, वर लिहिलेलं ५०० ग्रॅम पिठासाठी. व्हॅनिला साखरेच्याही छोट्या ८ ग्रॅमच्या पुड्या असतात आणि ती कोरडी असल्यामुळे मिक्समध्ये थेट घालता येते, इसेन्सची बाटली वेगळी सांभाळायला नको. भारतात नाही मिळाली तर व्हॅनिलाची शेंग वापरून झाली की ती वाळवून साखरेच्या बरणीत खुपसून ठेवा, पंधरा-वीस दिवसांत साखरेला वास लागतो.

इथे येणाऱ्यांसाठी : इथल्या मैद्याला नंबर असतात, केकला ४०५, ब्रेडला ५५०. आणि इंग्लंडमधे राहणाऱ्यांनी सेल्फ रेझिंग फ्लोअर घेतलं तर त्यात बेकिंग पावडर आधीच घातलेली असते, वरच्या प्रमाणातली परत घालू नका.

पाटावरवंटा :
चर्चा वाचून बरं वाटलं. मला बेकिंग फारसं येत नाही पण भाजणी आयुष्यभर केली, त्यातलं थोडं इथे उपयोगी पडेल. थालीपिठाची भाजणी चार-चार महिने राहते आणि बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडू होतं, दोन्ही पिठंच ना? भाजल्यामुळे दोन गोष्टी होतात, धान्यातली ओल जाते आणि तेलाला खवट करणारं धान्याच्या अंगचं जे द्रव्य असतं ते मरतं. बाजरीत तेल जास्त, ती कच्ची दळली की लगेच बिघडायला लागते. तेव्हा मुलींनो, बाजरीचं मिक्स करून महिनाभर ठेवायच्या भानगडीत पडू नका. ज्वारी, नाचणी बरी टिकते. कणकेतसुद्धा कोंड्याबरोबर गव्हाचा अंकुर दळला जातो, त्यात तेल असतं, म्हणून ती मैद्याएवढी टिकत नाही. उन्हाळ्यात तर महिन्याच्या वर नकोच.

मैदा भाजून घेतला तर टिकेल का असं विचारलं मला सुनेने. नानकटाईला घ्यावा, खमंग लागतो. केकला नको, कढईत सगळीकडे सारखी आच लागत नाही, थोडा करपतो थोडा कच्चा राहतो आणि भाजल्याची चव व्हॅनिलाच्या वर चढते.

सांजवात :
काकू, किती नेमकं सांगितलंत. ह्यातूनच टिकण्याचा हिशोब निघतो, मिक्स किती टिकेल ते त्यातला सगळ्यात कमी टिकणारा जिन्नस ठरवतो. मैदा-साखर वर्षभर चांगली राहिली तरी दूध पावडर फोडलेली आहे, बेकिंग पावडरीच्या डबीवरची तारीख दोन महिन्यांवर आलीये, तर मिक्सचं आयुष्य दोन महिने. म्हणून भरायला बसायच्या आधी बेकिंग पावडरची डबी नवीन आणा, आणि तरीही तपासा : अर्धा कप गरम पाण्यात एक टीस्पून टाकायची, जोरात फसफसली पाहिजे. सोडा तपासायचा तर पाण्याने कळत नाही, लिंबू किंवा व्हिनेगर घाला. जुनी पुडी सापडली आणि शंका आली तर दोन चमचे मिक्स गरम पाण्यात टाकून बघा, बुडबुडे यायला हवेत, आणि जिभेवर नको, वास घेऊन बघा, कच्चं पीठ तसंच चाखायची सवय चांगली नाही, त्यात जंतू असू शकतात. अमेरिकेत २०१६ साली कच्च्या मैद्यातून ई-कोलायची लागण झाली होती म्हणून मोठ्या प्रमाणावर मैदा बाजारातून परत मागवला होता.

माझ्या पद्धतीने भरलेल्या मैद्याच्या पुड्या फडताळात, अंधारात, गॅसपासून लांब, तीन ते चार महिने. कणकेच्या एक महिना, फ्रीजमधे तीन. गॅसच्या वरच्या कपाटात अजिबात ठेवू नका, तिथे सगळ्यात जास्त ऊब आणि वाफ असते आणि नेमकं तिथेच सगळ्यांचे डबे असतात.

दवबिंदू :
सांजवात अगं चॉकलेट केकचं पण दे ना, आमच्याकडे व्हॅनिला कोणी बघत नाही. आणि मला साखरेऐवजी गूळ पावडर घालायचीय, अक्रोडाचे तुकडे पण, सगळं एकाच बरणीत थर देऊन भरलं तर दिसायलाही सुंदर दिसतं, दिवाळीला भेट द्यायचा विचार आहे.

सांजवात :
अगं चॉकलेटची पुडी अशी : मैदा १६० ग्रॅम, कोको ४० ग्रॅम, पिठीसाखर १८० ग्रॅम, बेकिंग पावडर एक टीस्पून, सोडा अर्धा टीस्पून, मीठ पाव टीस्पून. ओलं तेवढंच, वर जे व्हॅनिलाला दिलंय, फक्त दुधाच्या जागी १०० मिली कोमट पाण्यात अर्धा चमचा इन्स्टंट कॉफी विरघळवून घाल. कॉफी मिक्समधे नको, ती हवेतलं पाणी ओढून चिकट होते. कोको कुठला ते डब्यावर बघ, अल्कलीची प्रक्रिया केलेला असला तर रंग गडद असतो आणि आंबटपणा गेलेला असतो. दही घालतोय म्हणून दोन्ही चालतात, पण दह्याऐवजी नुसतं दूध घालून करणार असशील तर प्रक्रिया केलेल्या कोकोबरोबर सोडा निष्क्रिय राहतो आणि चवीला लागतो.

गूळ पावडर मात्र नको! गूळ ओल धरतो आणि थोडा आम्लही असतो, म्हणजे सोड्याला जे दोन्ही नको तेच त्याच्या शेजारी नेऊन ठेवल्यासारखं. पहिले काही दिवस सुंदर दिसेल, मग कडक ढेप होईल. गूळ वेगळ्या छोट्या पुडीत बांधून बरणीच्या गळ्यात अडकव, वर लिही की ओल्यात विरघळवून घाला. अक्रोडही तसाच, त्यातलं तेल खवट होतं, आणि तो फ्रीजमधेच बरा. वेलची-जायफळ अख्खी ठेवून ऐनवेळी कुटायची.

थरांची बरणी दिसते छान, पण त्यात पोकळी राहिली की नेण्या-आणण्यात थर मिसळतात. गळ्यापर्यंत दाबून भर आणि सोडा-पावडर साखरेच्या नाही, मैद्याच्या थरात मधोमध घाल.

रानजाई :
मुलीला सीलिअ‍ॅक आहे (गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन अजिबात चालत नाही असा आजार), गहू पूर्ण बंद. ज्वारी-तांदळाचं मिक्स करून ठेवायचंय. गिरणीत तांदूळ दळून आणले तर चालेल का, आधी कोणाचं दळण होतं ते काय कळणार.

सांजवात :
गिरणीतून नका आणू. जात्याच्या खाचांत आधीच्या गव्हाचं पीठ राहतंच, गिरणीवाल्याने कितीही मनापासून साफ केलं तरी. सीलिअ‍ॅकला थोडंसंही चालत नाही. घरची छोटी चक्की असेल आणि तिच्यात गहू कधीच दळला नसेल तर उत्तम, नाहीतर ग्लुटेन नसल्याचं लिहिलेलं पाकीटबंद पीठ घ्या. चाळणी, परात, लाकडी चमचा हे वेगळं ठेवा, जुनी चाळणी कितीही धुतली तरी जाळीत पीठ अडकलेलं असतं. बेकिंग पावडरीच्या डबीवरचे घटकही वाचा, बहुतेकांत मक्याचा स्टार्च असतो पण वाचल्याशिवाय घेऊ नका. आणि हे मिक्स सगळ्यात आधी भरा, घरात त्या दिवशी मैदा चाळायच्या आधी. मैदा हवेत उडून बराच वेळ तरंगतो.

चांदणचुरा :
मला हे सोसायटीतल्या लोकांना विकायचंय. प्लास्टिकच्या पिशव्या मनाला पटत नाहीत, कागदी पुड्या चालतील? आणि परवाना वगैरे लागतो का घरगुतीला?

खलबत्ता :
लागतो, घरगुती असलं तरी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी करावी लागते, छोट्या उद्योगासाठी साधी नोंदणी ऑनलाइन होते. लेबलवर घटक, निव्वळ वजन, भरल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ते, तुमचा नोंदणी क्रमांक आणि शाकाहारी असेल तर हिरवं चिन्ह हवं. त्यात गहू आणि दूध आहे हे ठळक लिहा, कोणाला अ‍ॅलर्जी असते. विकायचं असेल तर प्रत्येक पुडीचं वजन करायलाच हवं, त्यामुळे सांजवात ताईंची पद्धत आपोआप आली.

कागद एकटा ओल अडवत नाही. आतून अस्तर असलेल्या कागदी पिशव्या मिळतात त्या घ्या. वर्तमानपत्रात बांधू नका, शाई अन्नाला लागते, एफएसएसएआयनेही ते करू नका म्हणून सांगितलंय. घरी वापरायला काचेच्या बरण्या सगळ्यात चांगल्या, रबराची रिंग मऊ आहे ना ते बघा, कडक झाली की हवा जाते. व्हॅक्यूमचं मशीन घेतलं असेल तर पीठ थेट पिशवीत घालून हवा ओढू नका, पावडर पंपात जाते आणि शिलाईच्या रेषेवर बसून पिशवी नीट चिकटत नाही. पीठ आधी कागदी पाकिटात, ते पाकीट व्हॅक्यूमच्या पिशवीत.

गव्हाळ :
लोणी आधीच चोळून ठेवलेलं मिक्स करतं का कोणी? अमेरिकेत बिस्क्विक नावाचं तयार मिक्स मिळतं ना, त्यात फॅट असतंच, पाणी-दूध घातलं की झालं. म्हणे १९३० च्या सुमाराला कंपनीच्या एका विक्रेत्याने आगगाडीच्या स्वयंपाक्याकडे पीठ, चरबी, बेकिंग पावडर आधीच एकत्र करून बर्फाच्या पेटीत ठेवलेलं बघितलं आणि त्यावरून कंपनीने ते काढलं.

सांजवात :
हो, १९३१ साली बाजारात आलं. पण तो स्वयंपाकीसुद्धा ते बर्फाच्या पेटीत ठेवत होता हे महत्त्वाचं! लोण्यात पाणी असतं, ते चोळलेलं मिक्स फ्रीजमधे आठवडाभर किंवा फ्रीझरमधे, बाहेर अजिबात नाही. साजूक तुपात पाणी नसतं म्हणून ते बरं, तरी मी वेगळंच ठेवते. वनस्पती तुपाचं सुचवतील कोणी, मी ते वापरत नाही, आमच्या घरात चव आवडत नाही.

नानकटाईची पुडी काकूंसाठी : मैदा १२० ग्रॅम, बेसन ३० ग्रॅम, बारीक रवा १५ ग्रॅम, पिठीसाखर ८० ग्रॅम, चिमूटभर सोडा, चिमूटभर मीठ. ह्याला १०० ग्रॅम घट्ट साजूक तूप, पातळ केलेलं नाही, आणि वेलची. तूप फेसून त्यात पुडी घालायची, गोळा बांधला जाईल एवढंच मळायचं, १७० डिग्रीवर १८-२० मिनिटं. मैदा भाजून घेणार असाल तर पूर्ण गार करून मगच साखर घाला.

पाटावरवंटा :
केली काल, मैदा मंद आचेवर भाजूनच. खुसखुशीत झाली. मुलाकडे नेदरलँडला जायचंय, पुड्या बांधून नेल्या तर चालतील का?

इसारनदी :
काकू, नानकटाईच्या पुडीत दुधाचं काही नाहीये, ती न्या, पण तूप नेऊ नका, आणि केकच्या दूध पावडरवाल्या पुड्याही नकोत, युरोपियन युनियनमधे बाहेरून दुधाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. लोणी इथे उत्तम मिळतं, तिथे गेल्यावर कढवून घ्या. आणि पुड्यांवर काय आहे ते इंग्रजीत लिहून ठेवा, पांढरी पावडर बघून उघडायला लावतात.